काही बदल नाही

धंद्यातली माणसं त्यांना नापासराव म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. लिफ्ट तपासणं हे त्यांचं काम. दवाखान्याची असो, हॉटेलची असो, की कुण्या बड्या साहेबाच्या बंगल्यातली दोन मजल्यांची हौसेची लिफ्ट असो, दार बंद व्हायला जरा उशीर झाला किंवा थांबताना पायाखाली हिसका जाणवला की यांनी वहीत लिहिलंच: नापास. मग मालक आदळआपट करो, वरून फोन येवो, यांच्या कपाळावर आठी नाही. एकदा एका कंपनीच्या अख्ख्या सभेला यांनी बाराव्या मजल्यावर जिन्यानं चढायला लावलं. मंडळी धापा टाकत वर पोचली तेव्हा हे खाली बाकावर बसून शांतपणे डबा खात होते. "माझ्या सहीवर विश्वास ठेवून माणसं आत पाऊल टाकतात," असं ते म्हणत. जरा जास्तच वेळा म्हणत. नाकानं कांदे सोलायची त्यांना फार हौस.

तर असा हा माणूस नऊ वर्षं खोट्या सह्या करत होता.

त्याचं असं झालं. पंधरा वर्षांपूर्वी नापासराव आणि त्यांच्या बायकोनं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मूलबाळ नव्हतं. तेव्हा एका म्हाताऱ्या वकिलांनी त्यांना सांगितलं की नुसतं मृत्युपत्र करून थांबू नका, हयातीतलाच ट्रस्ट करा. घर ट्रस्टच्या नावावर आणि ट्रस्टचे विश्वस्त तुम्ही दोघंच. जिवंत आहात तोवर घर तुमचंच. राहा, विका, हवा तो रंग द्या. उद्या एकजण अंथरुणाला खिळला, त्याला बोलता-लिहिता येईना, तर दुसरा सगळा कारभार हातात घेईल. एकजण गेला तर सगळं दुसऱ्याचं. कोर्टाची पायरी चढायला नको. फक्त यातला एक शब्द जरी बदलायचा तरी दोघांच्या सह्या लागतील, आणि आयुष्यात काही मोठं घडलं तर मला कळवायचं. "कागदाला आपलं आपण काही समजत नाही हो," वकील म्हणाले होते.

कळवायची सोयही त्यांनीच केली होती. दरवर्षी त्यांच्या ऑफिसातून एक कार्ड यायचं. त्यावर यादी: लग्न, घटस्फोट, वेगळं राहणं, जन्म, मृत्यू, मोठं आजारपण, घर विकणं. जे घडलं असेल त्यापुढे खूण करायची. काहीच घडलं नसेल तर तळाशी 'काही बदल नाही' असं लिहायचं, दोघांनी सही करायची आणि कार्ड परत पाठवायचं. पहिल्या वर्षी ते कार्ड बघून बायको हसली होती. "आपल्यात काय बदलणार आहे? फार तर तुमचं पोट," असं म्हणत तिनं झोकात सही केली होती.

सहा वर्षांनी ती घर सोडून गेली. मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. नापासराव घरीही तपासणीच करायचे, एवढंच. पडद्याची शिवण वाकडी, भाजीत पाणी जास्त, दार लावताना आवाज फार. ती बोलली तर का बोलली आणि गप्प बसली तर का गप्प बसली. एका रविवारी तिनं दोन बॅगा भरल्या आणि म्हणाली, "इतकी वर्षं रोज परीक्षा दिली. आता माझा पेपर कोरा घ्या." पुढे ती गावाच्या दुसऱ्या टोकाला पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून द्यायला लागली.

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी कार्ड आलं.

'वेगळं राहणं' या शब्दांपुढे रिकामा चौकोन होता. नापासराव पेन घेऊन अर्धा तास बसले. म्हाताऱ्या वकिलांनी याच जोडप्याकडे बघून म्हटलं होतं की सगळी गिऱ्हाईकं अशी असती तर आमची रोजीरोटी बुडाली असती. आता त्यांना काय तोंड दाखवायचं? आणि ती महिन्याभरात परत येणारच होती, मग उगाच बोभाटा कशाला? त्यांनी 'काही बदल नाही' असं लिहिलं. मग ट्रस्टच्या कागदाची घरातली प्रत काढली, तिच्या सहीवर बोट फिरवून पाहिलं, एका जुन्या तपासणी अहवालाच्या पाठीवर ती सही अकरा वेळा गिरवली आणि बारावी कार्डावर केली. हात थरथरला नाही. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटायची. दुसऱ्या वर्षी पहिलं खोटं झाकायला सही केली, तिसऱ्या वर्षी दुसरं, आणि त्यानंतर कार्ड आलं की हात सवयीनं चालायचा.

ती गेल्यावर दोन वर्षांनी एका मशीनरूमच्या शिडीवरून पडून त्यांचा पाय मोडला. तेव्हा त्यांची धाकटी बहीण धावून आली. ती एका शाळेत ग्रंथपाल होती, लग्न केलं नव्हतं, दुसऱ्या शहरात वीस वर्षं एकाच खोलीत राहत होती. छप्पन्न वर्षांची झाली तरी हे तिला छोटीच म्हणायचे. दोन महिन्यांसाठी आलेली छोटी दादाचं खाणंपिणं बघून तिथेच राहिली. नोकरी सोडली, खोली सोडली. "माझं काय, दादा?" असं तिनं एकदाच विचारलं. "घराची काळजी तू करू नकोस. मी सगळं करून ठेवलंय," असं यांनी सांगितलं. छोटीनं पुन्हा विचारलं नाही. दादानं सही केली म्हणजे ती लिफ्ट पडत नाही, असंच ती लहानपणापासून समजून चालली होती.

आणि आता नापासरावांच्या डोक्यात गाठ निघाली. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला लागून. सोमवारी ऑपरेशन. "बोलणं जाईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण जाणार नाही अशी हमी मी देत नाही. कागदपत्रं उरकून घ्या."

छोटी म्हणाली, "चल, मंगळवारी वकिलांकडे जाऊन सगळं एकदा वाचून घेऊ."

नापासरावांनी टाळायचा प्रयत्न केला. डोकं दुखतंय, ऊन आहे, फाइल सापडत नाही. फाइल छोटीनंच शोधून काढली. मंगळवारी दोघं गेले.

म्हातारे वकील आता नव्हते. त्यांच्या खुर्चीवर त्यांची लेक बसत होती. जेमतेम पस्तिशीची, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणारी. नापासरावांनी ठरवलं होतं की छोटीला बाहेर बसवायचं आणि आत एकट्यानं काय ते सांगून टाकायचं. पण वकीलबाईंनी "या ना, आत्या, तुम्हीही या," म्हणून दोघांनाही आत घेतलं, खुर्च्या दिल्या आणि वाचायला सुरुवात केली. पहिला विश्वस्त अक्षम झाल्यास दुसऱ्या विश्वस्त, म्हणजे त्यांच्या पत्नी, कारभार पाहतील. पहिल्याच्या पश्चात घराच्या मालक त्यांच्या पत्नी.

छोटी वाट बघत राहिली. वाचन संपलं. "आणि पुढे?" तिनं विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

"माझं नाव कुठे आहे?"

वकीलबाईंनी पुन्हा पानं चाळली. "आत्या, तुमचं नाव यात कुठेच नाही."

छोटीनं भावाकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. काहीतरी चूक झाली असणार आणि दादा ती आता दाखवून देईल, अशा भरवशानं ती बघत होती. तो भरवसा बघून नापासरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बदल करायचाय," ते म्हणाले. "बायको नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली. तिच्या जागी बहिणीचं नाव घालायचं."

वकीलबाईंनी चष्मा खाली घेतला. "नऊ वर्षं? काका, कार्डं तर दरवर्षी येतात. दोघांच्या सह्यांनी."

हा सांगायचा क्षण होता. समोर ओळखीच्या माणसाची लेक, शेजारी सख्खी बहीण. यापेक्षा सोपी जागा पुढे मिळणार नव्हती. नापासरावांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "कार्ड मी तिच्याकडे न्यायचो. ती सही करून द्यायची."

"मग सोपंच आहे. त्यांना घेऊन या, दोघांच्या सह्या झाल्या की काम झालं. पण ऑपरेशनआधी हवं. तुम्हाला बोलता येईना आणि कागद असाच राहिला, तर तुमच्या घराचा निर्णय काकू घेतील. त्या आत्यांना उद्या बाहेर जा म्हणाल्या तरी मला काही करता येणार नाही."

परतताना बसमध्ये छोटीनं विचारलं, "तू वहिनीला भेटत होतास?"

"वर्षातून एकदा. कार्डापुरतं."

"आणि तिनं ते घरावर दावा सांगणारं पत्र पाठवलं, त्या वर्षीही तिनं सही केली?"

नापासराव खिडकीबाहेर बघत राहिले. कारण ते पत्र हे दुसरं प्रकरण होतं, आणि ते पहिल्याहून वाईट होतं.

चार वर्षांपूर्वी म्हाताऱ्या वकिलांचं एक टिपण घरी आलं होतं. तुमच्या पत्नीच्या नावाने आमच्याकडे एक पत्र आले आहे, सही कार्डावरच्यासारखी नाही, ते त्यांनीच पाठवले आहे का हे दोघांनी कळवावे. पत्रात काय आहे ते लिहिलं नव्हतं. नापासरावांची बोबडी वळली. दुसरं काय असणार? घर मागत असणार. आणि चौकशी झाली तर कार्डांचं बिंग फुटणार. त्यांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं: आम्ही असे कोणतेही पत्र पाठवलेले नाही. खाली दोन सह्या.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मन खात होतं, आणि मन खायला लागलं की माणूस दुसऱ्याचा दोष शोधतो. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आत्याला, वडिलांच्या बहिणीला, सांगितलं की बाईनं घरावर दावा लावलाय. आत्याला सांगणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं. आठ दिवसांत सगळ्या भावकीत झालं: घर सोडून गेली ती गेली, वर घरही हवंय. छोटी तर पेटून उठली होती. "समोर येऊ दे, चांगली फैलावर घेते," ती म्हणाली होती. यांनी तिला थांबवलं नाही. खरं तर तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं.

बुधवारी त्यांनी जिन्यात उभं राहून फोन लावला.

"मी बोलतोय."

"कळलं," बायको म्हणाली. मागे शिवणयंत्राचा आवाज थांबला.

त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. विश्वस्त म्हणून छोटीचं नाव घालायचंय, त्यासाठी बायकोची सही हवी, तेही सांगितलं. आता ती बोलेल, अटी घालेल, म्हणून ते जिन्याचा कठडा धरून उभे राहिले.

"आत्ता?" ती म्हणाली. "इतक्या उशिरा?" मग जरा थांबून, "उद्या अकराला येते. डोकं फार दुखतंय का?"

"नाही," ते म्हणाले. दुखत होतं.

गुरुवारी अकराला ती आली. केस पांढरे झाले होते, गळ्यात मोजायची फीत तशीच राहिली होती. लक्षात आल्यावर तिनं ती काढून पिशवीत टाकली. "कशा आहात, वन्सं?" तिनं छोटीला विचारलं. छोटीनं तोंड फिरवलं. नापासराव मनात एकच घोकत होते: ती जुन्यासारखीच सही करेल, कुणी कार्डं काढणार नाही, पाच मिनिटांत उरकेल. ऑपरेशनची भीती त्यांना त्या घटकेला वाटतच नव्हती.

वकीलबाईंनी नवा कागद पुढे सरकवला. बायकोनं तो सबंध वाचला, मान हलवली आणि सही केली.

नापासरावांनी उलट्या बाजूनंही ओळखलं की ही ती सही नाही. ना तो झोक, ना ते आडनाव. साधं, सरळ अक्षर, पुढे तिच्या वडिलांचं आडनाव.

वकीलबाई थांबल्या. "काकू, सही वेगळी आहे."

"हो. घर सोडलं तेव्हाच बदलली. पहिलं काम तेच केलं. ओळखपत्रावरही हीच आहे, बघा."

"पण तुम्ही तर दरवर्षी जुनी सही करत आलात. गेल्या वर्षीचंच हे कार्ड." त्यांनी फाइलमधून नऊ कार्डं काढून टेबलावर पसरली. नऊ वेळा 'काही बदल नाही', नऊ वेळा तीच झोकदार सही.

बायकोनं एक कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, खाली ठेवलं. "ही मी केलेली नाही."

"काका म्हणाले, तुम्ही..."

"मी यांना नऊ वर्षांत भेटलेले नाही."

वकीलबाईंनी नापासरावांकडे पाहिलं. नापासरावांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडातून निघेना. डॉक्टर ज्या बोलण्याला सोमवारनंतर कदाचित मुकाल म्हणत होते ते आजच गेलंय की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं. आणि खरं सांगायचं तर, तसं झालं असतं तर सुटलो असतो, हेही वाटलं.

ते बोलत नाहीत म्हटल्यावर छोटी उठली. "वहिनी, लाज वाटत नाही? चार दिवसांवर त्याचं डोकं उघडणार आहेत आणि तुम्ही इथे येऊन नाटकं करताय? सही केली नाही म्हणे! आता याला वाचा उरणार नाही, मग घर आयतंच मिळेल, असंच ना? आधी दावा लावून झाला, आता हे."

"दावा?" बायको म्हणाली. "कसला दावा?"

"आव आणू नका. आम्हाला सगळं माहीत आहे. माझ्या भावानं आयुष्यात एका कागदावर खोटं लिहिलेलं नाही. आख्खं गाव सांगेल."

बायकोचा चेहरा लाल झाला होता. अपमान झालेलं माणूस उठून जातं तशी तिनं पिशवी खांद्याला लावली. ती दाराकडे वळली असती तर घर गेलं असतं, छोटीचं छप्पर गेलं असतं, आणि नापासरावांची अब्रू तेवढी राहिली असती.

"छोटी, खाली बस," ते म्हणाले. "त्या सगळ्या सह्या मी केल्यात."

छोटी बसली नाही. "काय बोलतोयस? गाठीमुळे होतंय का तुला हे?"

"गाठ आत्ता आलीय. सह्या नऊ वर्षांच्या आहेत. मी तिच्याकडे कधीच गेलो नाही. घरी बसून गिरवल्या."

वकीलबाईंनी फाइलच्या मागच्या कप्प्यातून एक जुनं पाकीट काढलं. "म्हणजे हेही खरं होतं," त्या म्हणाल्या. "बाबांनी बाजूला ठेवलं होतं. पत्रावरची सही आजच्यासारखीच आहे. पण कार्डांशी जुळेना, आणि तुमच्याकडून लेखी आलं की हे आम्ही पाठवलेलंच नाही. काका, यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

नापासरावांनी मान हलवली. माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं.

"वाचू का, काकू? पत्र तुमचं आहे."

"वाचा," बायको म्हणाली.

पत्र सात ओळींचं होतं. मी नवऱ्याचे घर कायमचे सोडले आहे. त्यांचा पाय मोडल्यापासून त्यांची बहीण नोकरी व राहती जागा सोडून त्यांच्याकडे आली आहे असे कळले. उद्या त्यांचे काही झाले तर तिला जायला जागा नाही. तरी माझे नाव काढून तिचे घालावे. माझा वाटाही तिलाच द्यावा. त्यांना सांगताना मी सुचवले असे सांगू नये, ते नको म्हणतील. सही लागेल तिथे मी येऊन करीन.

छोटी आता बसली. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "हे ते पत्र?" ती म्हणाली. "दावा लावला, दावा लावला म्हणून चार वर्षं मी ज्याच्यावरून... वहिनी, मी तुम्हाला काय काय बोलले. तुमच्यामागे. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर म्हणजे?" बायकोनं विचारलं, आणि मग नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"आत्याला," नापासराव म्हणाले. "म्हणजे सगळ्यांनाच."

जुन्या एकेका गोष्टीचा हिशेब बायकोला आत्ता लागत होता, आणि तो लागताना नापासरावांना तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. "आत्या आजारी होत्या तेव्हा भेटायला गेले होते. खिडकीत दिसल्या, पण दार उघडलं नाही. तुमच्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नात माझ्या पंगतीतून दोघीजणी उठून गेल्या. मला वाटायचं, घर सोडलं म्हणून असेल. तेवढं तर मी सोसायलाच हवं, असं स्वतःला समजावत होते."

"मला लाज वाटते," नापासराव म्हणाले.

"वाटू दे," ती म्हणाली. रागानंही नाही, प्रेमानंही नाही. "तुमच्या वाटची मी चार वर्षं बाळगली. आता तुम्ही घ्या."

मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि वकीलबाईंना विचारलं, "कुठे करू सह्या? अर्धं घर माझं होतं. ते मी वन्संना देतेय. कुणी माझ्याकडून काढून घेत नाहीये, तसं नीट लिहा." वकीलबाईंनी तसं लिहिलं. तिनं पानापानावर सही केली. नापासरावांनीही केली, तिच्या सहीशेजारी.

शेवटच्या पानावर नव्या विश्वस्ताची संमती हवी होती. वकीलबाईंनी पेन छोटीपुढे धरलं. छोटीनं ते घेतलं, उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं.

"दादा, तुला बोलता येईनासं झालं तर यापुढे तुझ्या वतीनं मी बोलायचं, असंच ना याचा अर्थ?"

"हो."

"मग काही गोष्टी मी तुझ्या वतीनं बोलणार नाही. त्या तुझ्या तोंडूनच गेल्या पाहिजेत. मी सांगितलं तर आत्या म्हणेल, वहिनीनं हिला वश केलं." तिनं त्यांचा फोन टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिला. "वाचा आहे तोवर सांग. मग मी सही करते."

"घरी गेल्यावर करतो. आरामात."

"इथे."

"मी बाहेर थांबते," वकीलबाई उठत म्हणाल्या.

"बसा तुम्ही," छोटी म्हणाली. "तुमच्या वडिलांना पण खोटं लिहून पाठवलंय यानं."

नापासरावांनी बायकोकडे पाहिलं. ती नको म्हणेल, जाऊ दे म्हणेल, आजारी माणसाला कशाला छळता म्हणेल, असं त्यांना वाटलं. ती खिडकीशी उभी राहून वाट बघत होती.

त्यांनी आत्याचा नंबर लावला. आत्या नव्वदीला टेकलेली, कानानं अधू, पण फोन पहिल्याच घंटेला उचलायची. तिचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला असूनही खोलीभर ऐकू गेला.

"अरे, तूच का? सोमवारी ना ऑपरेशन? मुळीच घाबरू नकोस. छोटी आहे ना जवळ? आणि हे बघ, ती बया आजारपणाचं निमित्त काढून घर मागायला येईल हो, सांभाळून राहा. आली होती का?"

खोलीतल्या तिघीजणी ऐकत होत्या. नापासरावांचे कान तापले. "आत्या," ते म्हणाले, "तिनं कधीच घर मागितलं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं."

"काय? ऐकू नाही आलं रे. जरा मोठ्यानं बोल."

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला, घसा साफ केला आणि मोठ्यानं सांगितलं.